तिसरा टॉवेल

— नाही ठेवला. कोणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर, एकानंसुद्धा नाही, आणि आता महिना उलटल्यावर तू येतेस आणि म्हणतेस, काकू, तुमचंच बरोबर होतं. माझं बरोबर होतं हे मला माहीत होतं. ते सांगायला तू कशाला पाहिजेस? आणि काकू म्हणू नकोस. त्या दिवशी तुझ्या त्या आरशाच्या खोलीत मी सात नंबर होते, आज लगेच काकू झाले — सरक पलीकडे, त्या गठ्ठ्याला टेकू नकोस, धुतलेला आहे तो. तिथं पण नको, तिथं वाफ येते. त्या स्टुलावर बस. हलतं, हलू दे, एक पाय तोकडा आहे त्याचा, ह्यांना सांगून सांगून दमले, हो म्हणतात आणि विसरतात. बसलीस? आता ऐक. मी इस्त्री थांबवणार नाही, वसतिगृहाच्या चादरी संध्याकाळी जायच्या आहेत, पण कान उघडे आहेत माझे, आणि तोंड तर आहेच.

मी कुठं उभी आहे बघितलंस ना? नीट बघ. हे तुझ्या मॅडमला दाखवायला पाहिजे होतं, घेऊन का नाही आलीस तिला? इथं मागं, बॉयलरच्या शेजारी, ना खिडकी ना पंखा. आणि बाहेर काउंटरवर जी बसलीय, जिनं तोंडातून शब्द न काढता तुला बोटानं आत पाठवलं, ती माझी धाकटी जाऊ. त्या खुर्चीवर मी बसत होते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई बसायच्या, त्यांचे गुडघे गेले तशी मी बसले. तुला वाटेल खुर्चीत काय एवढं. अगं, या लाँड्रीत ती एकच खुर्ची आहे, बाकी सगळे उभे. पण बसण्यासाठी नाही मी बोलत. त्या खुर्चीवरच्या बाईचा शेवटचा हात फिरतो कपड्यावर. धुऊन, वाळून, इस्त्री होऊन सगळं तिच्यापुढं येतं, ती घडी उघडते, डाग बघते, नाकाला लावते, आणि ती बरं म्हणाली तरच गठ्ठा बांधला जातो. चादर कोपऱ्यात जरा ओली राहिली आणि तशीच बांधली की दुसऱ्या दिवशी कुबट मारते. तो वास आदल्या दिवशी धरावा लागतो, बाळ असतो तेव्हा. इतकी वर्षं मी धरला. एक गठ्ठा परत आला नाही. आणि तू त्या नाकाची परीक्षा घ्यायला निघालीस, शिकाऊ मुलगी, केसात पेन खुपसून.

आठवतंय का कशी आली होतीस? काउंटरवर दोन्ही हात ठेवून, गोड आवाजात — आम्ही कॉलेजातून आलोय, गटचर्चा आहे, धुलाईच्या पावडरीबद्दल लोकांची मतं घ्यायची आहेत, तासाभराचं काम. मी म्हटलं, पावडरीबद्दल आम्हाला नाही विचारायचं तर कुणाला. आले की नाही? काम सोडून आले. वर तूच विचारलंस, अजून एक बाई मिळेल का, आमचं एक माणूस तापानं पडलंय. मी जावेला म्हटलं, चल, जरा बाहेरची हवा लागेल. मीच नेलं तिला. हे पण लिहून घे हवं तर — नको, पेन खाली ठेव. नुसतं ऐक. लिहायला लागलीस की तुझे डोळे खाली जातात आणि मला मोकळ्या भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

काय म्हणालीस? ओळखीच्या दोघींना एका गटात घ्यायचं नसतं? असा नियम आहे? आणि हे तुला शिकवलेलं होतं? वा. म्हणजे चूक तुझी पहिली. मॅडम बोलल्या असतील ना? बोलल्याच पाहिजेत. बोलल्या तरी तुला खुर्ची सोडावी लागली नाही ना.

आणि ती खोली. पांढरी, टेबल लांबट, मध्ये पाण्याचा जग, आणि एका भिंतीला आडवा मोठा आरसा. मला वाटलं शोभेला आहे. मी जाता जाता केस सारखे केले, दातात काय अडकलंय ते बघितलं, अगदी जवळ जाऊन, नखानं काढलं. आणि पलीकडं तुमचा सगळा वर्ग बसला होता म्हणे, तिकडून काच आणि इकडून आरसा. किती जण होते? हसले असतील. नाही कसे, हसलेच असतील, मी पण हसले असते. मग तू उठलीस, कागद हातात, आणि वाचून दाखवलंस — सगळ्यांनी मोकळेपणानं बोलायचं, इथं चूक-बरोबर असं काही नसतं. चूक-बरोबर काही नसतं. हे म्हणून बसलीस आणि तासाभरात मला सगळ्या जगापुढं चूक ठरवून मोकळी झालीस.

तीन टॉवेल. टोपलीत तीन घड्या, एक दोन तीन नंबर घातलेल्या. म्हणालीस, तीन वेगळ्या पावडरीत धुतलेत, कुठला जास्त ताजा वाटतो ते एकेकानं सांगा. टोपली फिरली. मी शेवटच्या खुर्चीवर. तू मुद्दाम बसवलंस ना तिथं? मुद्दामच. तर तो टायवाला म्हणाला, तिसरा. त्याच्या शेजारची पोरगी म्हणाली, तिसरा, काय मऊ आहे, अगदी ढगासारखा. ढगासारखा म्हणे, ढगाला हात कुणी लावलाय? तो टकलू, मला वाटलं निवृत्त मास्तर असेल, त्यानं चष्मा काढून वास घेतला — वास घ्यायला चष्मा कशाला काढतात? — आणि म्हणाला, तिसरा, शंकाच नाही. मग पुढचे दोघं, तिसरा, तिसरा. मग माझी जाऊ. जावेनं टॉवेल घेतला, हुंगला, टेबलाखाली माझ्या गुडघ्याला गुडघा लावला, मी सरकून बसले, आणि ती म्हणाली — तिसरा.

टोपली माझ्याकडं आली. मी तिन्ही हुंगले. हातानं चुरून बघितले. तिन्ही एका पाण्यातले, एका पावडरीतले, एका दोरीवर वाळलेले, आणि पावडर पण हलकी, पिंपातून सुटी विकतात ती. मी म्हटलं, हे तिन्ही एकच आहेत. तर ते सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी टेबलावर उलटी केली. टायवाला म्हणाला, काकूंना सर्दी झालेली दिसते. आणि तेव्हा, कुणी विचारलेलं नसताना, माझी जाऊ म्हणाली — ताईंना हल्ली वास जरा कमीच येतो.

हे कुणी सांगितलं होतं तिला बोलायला?

नाही, हे मला आधी सांग, बाकी तुझं पुढचं नंतर. तू आत्ता म्हणालीस की ते सगळे तुमचे होते. पढवलेले. टायवाला, ढगवाली, टकलू, सगळे — तो मास्तर नाही, तुमच्या कॉलेजचा शिपाई आहे, बरोबर? बघ, मला वाटलंच होतं, मास्तर इतक्या खात्रीनं बोलत नाही. त्यांना सांगितलं होतं, तिसरा म्हणा, टॉवेल तिन्ही एकच होते, आणि तुम्हाला बघायचं होतं की शेवटचं माणूस आपल्या नाकाचं ऐकतं की बाकीच्यांचं. ठीक आहे. कळलं मला. चौथीपर्यंत शाळा झालीय माझी, पण एवढं कळतं. बाजारात पण हेच चालतं, एका गाडीभोवती चार माणसं उभी करायची, पाचवं आपोआप येतं, त्यात शिकायला कॉलेज कशाला पाहिजे. पण मला एकच सांग. माझी जाऊ तुमची होती का? दाराशी तिच्या कानात काही सांगितलंस का? खरं सांग. तुझ्या मॅडमची शपथ नको, माझ्याकडं बघून सांग.

नाही?

नुसती रिकाम्या जागी बसवलीस. तिला पण माहीत नव्हतं. म्हणजे ती पण माझ्यासारखीच — आणि तिला पण वाटलं की — थांब. ही चादर जळेल. — हं. म्हणजे तिनं खोटं सांगितलं ते तिचं तिनं सांगितलं. किंवा तिला खरंच वाटलं. तूच म्हण, खरंच वाटू शकतं का? पाच जण म्हणाले म्हणून नाकाला तसा वास यायला लागतो? लागतो म्हणतेस. बऱ्याच जणांना. असेल. मला नाही लागत. आणि ते, ताईंना वास कमी येतो ते? ते तर पाच जणांनी नाही सांगितलं, ते तिनं घरून आणलं होतं.

मी सांगते तुला ती कशी आहे. घरात तिच्या तोंडून कधी नाही निघत नाही. मी विचारते सगळ्यांना, हो, आमच्याकडं विचारल्याशिवाय काही होत नाही, तुमच्यासारखं नाही की एकाला काचेपलीकडून बघायचं. समोरासमोर. गेल्या वर्षी बाहेरच्या भिंतीला रंग दिला, मी जेवताना विचारलं, हिरवा बरा की नाही? पहिली बोलली ती. हिरवाच, ताई. मग दीर म्हणाला हिरवा, मग हे म्हणाले हिरवा. डबे आणून ठेवलेले होते जिन्याखाली, ते वेगळं, पण विचारलं ना मी. गाडीचं तसंच. कोणता गठ्ठा आधी जायचा, दुपारी कोण जेवायला बसायचं, दिराच्या मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं विचारून. इतक्या वर्षांत आमच्यात एकदा दुमत झालेलं नाही. — काय? काही नाही काय, तू आत्ता भुवया वर केल्यास. मला दिसतं. कुणी आधी बोलतं विचारतेस? मीच बोलणार ना आधी, विचारणारी मी, तर सुरुवात मीच करणार. यात काय लिहायचं आहे? पेन खाली.

तर ही, जन्मात नाही न म्हटलेली, तिथं परक्या माणसांपुढं म्हणते, ताईंना वास कमी येतो. मला दुसऱ्या वेळेला काही ऐकूच येईना. दुसरी टोपली फिरली, परत तिसरा, तिसरा, तिसरा, मी म्हटलं, सारखेच. तिसऱ्यांदा टोपली फिरली, परत तेच, मी म्हटलं, सारखेच, सारखेच, सारखेच, आणि उठले. तू मागून सात नंबर, सात नंबर करत होतीस, अजून पाच मिनिटं थांबा, एक गोष्ट सांगायची आहे. मी दार आपटलं. तो आवाज काचेपलीकडं गेला असेल अशी आशा आहे. जाऊ माझी पिशवी घेऊन मागं पळत आली, घरापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

म्हणजे ते सांगायचं राहिलं होतं तुझं. उलगडा. शेवटी सगळं खरं सांगून टाकायचं, माणसाला खोट्यात ठेवून घरी पाठवायचं नाही — हा पण नियम. नियम चांगले आहेत तुमचे. मी दार आपटलं म्हणून राहिलं म्हणतेस? असू दे, अर्धं माझ्यावर घाल.

पण त्याचं काय झालं ऐक. घरी आले तर सासूबाई विचारतात, हिचं तोंड का असं? आणि जाऊ सांगते. सगळं. सहा जण एक म्हणाले, ताई एकट्या वेगळं म्हणाल्या. तिनं आगाऊपणा केला नाही, सासूबाईंनी खोदून विचारलं, हे मी मान्य करते, पण सांगताना ती थांबली नाही कुठं. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना बसवलं. म्हणाल्या, सहा माणसं खोटं बोलतील का? शिकलेली माणसं, तुझ्याशी त्यांचं वैर आहे का? मी म्हटलं, ती माणसं आंधळी असतील नाकानं, टॉवेल एकच होते. दीर म्हणाला, वहिनी, वयानं होतं असं, माझ्या ओळखीत एकाचं झालं. वयानं. मग सासूबाईंनी ह्यांना विचारलं, तुझं काय म्हणणं? हे पाणी पीत होते. पेला खाली ठेवला, म्हणाले — आई म्हणेल तसं.

झालं. दुसऱ्या दिवशी मी इथं मागं, आणि ती तिथं. तिचे पाय सुजतात म्हणे उभं राहून, तेवढंच बरं झालं, असं पण म्हणून घेतलं सगळ्यांनी. माझे पाय काय लाकडाचे आहेत? आणि गेल्या आठवड्यात, ऐक, वसतिगृहाच्या चादरी परत आल्या. कुबट. तिला कळलंच नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण मी म्हटलं, बघा आता — तर सासूबाई म्हणतात, हवा दमट आहे. दीर म्हणतो, दमट आहे. सगळेच म्हणाले दमट आहे. मी एकटीच म्हणत राहिले की दमट नाही, आणि मग एके रात्री, तुला सांगते, मी उशीचा अभ्रा नाकाला लावून बसले होते अंधारात, आणि मला कळेना की वास येतोय की येतोय असं मला वाटतंय. हे तू केलंस. हे माझं नाक आहे, बाई, दुसरं काही नाही माझ्याकडं, दिसायला बरी नव्हते, शिकले नाही, गोड बोलता येत नाही. एक हे होतं.

एकट्या ह्यांनी सांभाळलं मला त्यात. माझा नवरा, मागं अंगणात वाळवायच्या यंत्रापाशी आहेत, त्या यंत्राचाच घरघराट ऐकू येतोय तुला. फार बोलायची सवय नाही ह्यांना. सगळी गल्ली थंडोबा म्हणते. सासूबाईंनीच लहानपणी ठेवलेलं नाव, घराला आग लागली तरी हे आधी चप्पल शोधतील असं म्हणायच्या, ते गल्लीत पसरलं. मी नाही म्हणत. कधी म्हटलं नाही. घरच्या माणसाला लोकांनी टाकून बोलायचं आणि आपण पण तेच उचलायचं? पेपरवाला एकदा माझ्यासमोर म्हणाला, थंडोबा आहेत का, तर पेपर बंद केला मी, हात जोडत आला तेव्हा सुरू केला. तर त्या रात्री त्या अंधारात हे उठून बसले, म्हणाले, जाऊ दे गं, खुर्चीचं काय एवढं मनाला लावून घेतेस. मनगट भाजलं होतं या इस्त्रीनं, हे बघ, इथं, त्याला मलम लावून दिलं. बोटानं, हळू. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं हळू कधी बोलले नव्हते माझ्याशी. म्हणून ते आईपुढं माझ्या बाजूनं बोलले नाहीत हे मी मनातून काढून टाकलं. आईपुढं कोण बोलतं? आणि त्यांना तरी कुठं माहीत होतं खरं काय ते.

हं, तर आता तुझं काम सांगते. सासूबाई चहाला खाली येतात, येतीलच आता. तू त्यांच्यासमोर, जावेसमोर, दिराला पण बोलावते मी, सगळ्यांसमोर सांगायचं, जे मला सांगितलंस तेच. ते सगळे पढवलेले होते, टॉवेल एकच होते, हिचं नाक शाबूत आहे. तिन्ही वेळा हिनं बरोबर ओळखलं. — का? मान का हलवलीस?

दोन वेळा?

तिसऱ्या टोपलीत खरंच वेगळा होता? तिसरा टॉवेल? सुगंधी पाण्यातून काढलेला. का म्हणून? — ताळा बघायला, वास खरंच वेगळा असला की नाक काय म्हणतं ते. म्हणजे पढवलेले लोक त्या वेळी खरं बोलत होते, आणि मी — खोटं आहे. तू आत्ता बनवते आहेस. माझ्या तोंडाकडं बघून बोल.

बरं. आता माझं ऐक. तो वेगळा होता हे मला कळलं नाही असं वाटतं तुला? टोपली दोन खुर्च्या लांब होती तेव्हाच आला होता मला वास, फुलाफुलांचा, स्वस्त, दवाखान्यातल्या साबणासारखा. नाकात झणझणला. पण ते सगळे परत तिसरा, तिसरा करायला लागले, तो टायवाला माझ्याकडं बघून हसायला लागला, आणि मी काय म्हणू? तिसरा म्हणू? त्यांच्यात जाऊन बसू? दोन वेळा मला वेडी ठरवल्यावर? मेले असते तरी म्हटलं नसतं. टॉवेलाला आग लागली असती तरी सारखेच म्हणाले असते. — असं काय बघतेस? हे पण तुमच्या पुस्तकात आहे? उलट जाणारं माणूस पण गटाच्याच दोरीला बांधलेलं असतं, फक्त दुसऱ्या टोकाला? हे मॅडम म्हणाल्या? तुझ्या मॅडमला म्हणावं, एकदा ये इथं उभी राहायला. दोरी मी दाखवते. वाळत घालायची.

आणि हे तिथं बोलायचं नाही. तिसऱ्या टोपलीचं. दोन वेळा बरोबर होतं एवढंच सांगायचं. काय? खोटं सांगता येणार नाही? आता खोटं सांगता येणार नाही. त्या दिवशी येत होतं, शिपायाला मास्तर करून. बरं, खोटं नको सांगूस, तिसरं विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप्प बस, गप्प बसणं म्हणजे खोटं नाही. आमच्या घरात कुणी विचारत नाही, त्याची काळजी नको. आणि तुझ्या त्या कागदावर सही हवी आहे ना, की मला सगळं सांगितलं म्हणून? माझ्या सहीशिवाय माझा भाग काढून टाकावा लागेल, मग गट मोडेल, मग परत नव्यानं गट बसवावा लागेल. बघ, सगळं कळतं मला. आधी सासूबाईंपुढं बोल, मग सही. मला खुर्ची, तुला सही.

पण एक विचारते. महिनाभर का लावलास? नियम एवढा पक्का आहे, माणसाला खोट्यात घरी पाठवायचं नाही, तर दुसऱ्या दिवशी का नाही आलीस? पत्ता माहीत होता. महिनाभर मी इथं वाफ खाते आहे, महिनाभर मी माझ्याच उशीचा वास घेते आहे — काय?

फोन?

कधी केलास फोन?

त्याच संध्याकाळी. माझ्यामागं लगेच. दुकानाच्या नंबरावर. आम्ही तेव्हा पोचलो पण नसू घरी, मी रागात नदीच्या बाजूनं लांबून आले होते, ती माझ्या मागं मागं. म्हणजे जेवणाच्या आधी. सासूबाईंनी बसवलं त्याच्या आधी. कुणी उचलला? — पुरुष. दीर गाडी घेऊन बाहेर होता तेव्हा. दीर नव्हता. दीर सात वाजता आला, मला आठवतं, डबा गाडीत विसरला म्हणून परत गेला होता. पुरुष म्हणजे कसा आवाज? हळू. संथ. नाव नाही विचारलंस? मी त्यांचा नवरा बोलतोय म्हणाले.

सगळं सांगितलंस? पढवलेले लोक, टॉवेल एकच, सगळं? तिचं बरोबर होतं, हे पण? त्या फार चिडून गेल्यात, कृपा करून आजच सांगा, हे पण? मग काय म्हणाले? — सांगतो म्हणाले. योग्य वेळ बघून.

योग्य वेळ.

म्हणजे मी ओरडत होते, टॉवेल एकच होते, टॉवेल एकच होते, आणि ते समोर बसून पाणी पीत होते, आणि त्यांना माहीत होतं. पेला खाली ठेवला. आई म्हणेल तसं. आणि रात्री ते मलम. त्या बोटानं. खुर्चीचं काय एवढं. — नाही, तू थांब, मला काही झालेलं नाही, पाणी नको. तू अजून काहीतरी गिळते आहेस. बोलून टाक. नियम आहे ना तुमचा, सगळं सांगायचं.

दोनदा?

दोनदा सांगायला लावलं. कसं कसं झालं, परत एकदा सुरुवातीपासून सांगा. कोण काय म्हणालं, मग ती काय म्हणाली, मग सगळे तिच्याकडं कसे बघत होते. ते बघण्याचं दोनदा. आणि मग?

हसले?

हे हसले? माझा नवरा? अगं, मी ह्यांना हसताना ऐकलेलं नाही कधी. मुलगा झाला तेव्हा नाही, लॉटरीत शिलाई मशीन लागलं तेव्हा नाही. मला तो आवाज कसा असतो माहीत नाही. कसं हसले? थोडं की खूप? — बराच वेळ.

बराच वेळ.

हं. मी तर जावेला धरून बसले होते. महिनाभर तिच्या ताटाकडं बघितलं नाही मी. ती बिचारी गुडघा लावून विचारत होती मला, सांगा ना ताई, काय म्हणू, आणि मी सरकून बसले. सासूबाई म्हाताऱ्या, सहा माणसांवर विश्वास ठेवणारच. तुला काय बोलू, तू शिकते आहेस, कागदात बघून बोलतेस अजून. तुम्ही सगळ्यांनी एकेकदा काय ते केलंत. आणि हे रोज सकाळी माझ्याशेजारी उठत होते, इथून गठ्ठे उचलून नेत होते, या टेबलावरून, आणि रोज नव्यानं गप्प बसत होते.

दे तो कागद. कुठं करायची? इथं? घे. झालं तुझं. उचल पिशवी. सासूबाई आल्या की बाहेर काय सांगायचं ते सांग, तिसऱ्या टोपलीचं पण सांग, मला आता त्याचं काही नाही. काउंटरवरून जाताना तिला म्हण, तिथंच बस म्हणावं, उठू नकोस इतक्यात. मागच्या दारानं नको, पुढून जा. मागं मला जागा लागणार आहे. इस्त्रीचं बटण खाली कर जाता जाता — नाही, राहू दे, मी करते.

बघ, यंत्र पण थांबलं. आता ऐकू जाईल. जा तू.

थंडोबा.